'रिठी' म्हणजे काय? आणि 'बेचिराग' हेच 'बेचिराख' का?

प्रश्न (आर्वी)

आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयात एक कुलूपबंद कपाट आहे. एका मालगुजार (सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणाऱ्या) घराण्यानं दिलेली पुस्तकं, वर्धा जिल्ह्याचं 1906 सालचं इंग्रजी गॅझेटियर, हातानं लिहिलेल्या गावयाद्या, असं बरंच काही त्यात आहे. ग्रंथपालांनी समोर बसून पाहायची परवानगी दिली, म्हणून चार रविवार तिथंच काढले.

कारण आजीचं एक वाक्य. "आपण इथले नाही रे, आपलं गाव रिठी झालं." मला लहानपणी वाटायचं, रिठ्याची झाडं असतील तिथं. परवा एका यादीत आमच्या आडनावाचं मूळ वाटावं असं गावाचं नाव दिसलं. पुढं कंसात 'रिठी' आणि त्याखाली दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात, पेन्सिलीनं, 'बेचिराग'. गाव जाळलं होतं का? मन धास्तावलं आहे. जाणकारांनी सांगावं.

उत्तर (दर्यापूर)

जाळल्याचा काही पुरावा यात नाही, आधी ते मनातून काढा.

रिठी म्हणजे उजाड गाव. वस्ती उठली, घरं पडली, पण मौजा म्हणून महसुलात ते गाव कायम राहतं. त्याची शीव असते, नकाशा असतो, वावरांचे नंबर असतात. शेजारच्या गावची माणसं तिथली वावरं वाहतात. बहुतेक रिठीवर एखादा मारोती, बुजलेली विहीर आणि पांढऱ्या मातीत खापरं सापडतात. रिठ्याच्या झाडाशी याचा संबंध नाही.

बेचिराग हा फारसी शब्द. 'बे' म्हणजे विना, 'चिराग' म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लागत नाही ते बेचिराग. किती नेमका शब्द आहे! मराठी कानाला चिराग परका वाटला, राख ओळखीची वाटली, आणि 'बेचिराख' झालं. आज शहर बेचिराख झालं म्हटलं की आग आणि राखच डोळ्यांपुढं येते. हा अर्थ आता रूढ आहे, त्याला चूक म्हणू नये. मात्र जुना कागद वाचताना राख विसरायची आणि विझलेला दिवा आठवायचा. पाणी आटलं, पटकी आली, प्लेग आला, 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ पडले, अशा कोणत्याही कारणानं गाव उठू शकतं.

उत्तर (हिंगणघाट)

अर्थ कळला, आता माणसं शोधा. गॅझेटियरमध्ये गाव सापडेल, तुमचे पणजोबा नाही सापडणार. त्यासाठी कोतवाल बुक पाहा. पश्चिम महाराष्ट्रात जन्म-मृत्यूच्या नोंदीला गाव नमुना 14 म्हणतात, आपल्याकडं कोतवाल बुक. पूर्वी शहरात कोतवाल म्हणजे मोठा अंमलदार, पण आपल्या खेड्यातला कोतवाल म्हणजे गावाची राखण करणारा, दवंडी देणारा साधा माणूस. गावात कोण जन्मलं, कोण गेलं याची खबर तोच ठाण्यावर पोचवायचा. त्याच्या पायपिटीमुळं आज आपल्याला खापरपणज्याचं नाव मिळतं, हे मला फार मोठं वाटतं.

आर्वीकडं मालगुजारी होती, म्हणजे सारा मालगुजारामार्फत जायचा; वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा, म्हणून दर्यापूरकरांचे कागद आणि तुमचे कागद सारखे नसतील. तुम्ही 1954-55 चा अधिकार अभिलेख, म्हणजे जमीन कोणाच्या नावे ते सांगणारा कागद, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मागा. आणि अर्जात आजचं गाव लिहून थांबू नका, रिठीच्या मौजाचं नावही लिहा.

पुन्हा आर्वी

तुम्ही सांगितलं तसंच केलं. रिठीच्या नावावर काही हाती लागलं नाही, पण आमच्या आताच्या गावच्या कोतवाल बुकात 1918 सालचं एक पान मिळालं. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीचं वर्ष. पानभर मृत्यूच, कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'ताप, ताप, ताप'. पाचवी ओळ आमची. मुलगी, वय 3 वर्षे. बापाचं नाव माझ्या पणजोबांचं. या मुलीबद्दल घरात कोणीच कधी बोललं नव्हतं. मी ती ओळ बोटानं धरून बराच वेळ बसून राहिलो.

बापाच्या नावापुढं राहणार म्हणून त्या रिठीचं नाव आहे आणि नंतर 'हाल मु.' लिहून आमचं गाव. हाल सोसत मुक्कामाला आले, असा अर्थ का?

उत्तर (दर्यापूर)

वाचून गलबललं.

'हाल मुक्काम' मधला हाल म्हणजे सोसणं नव्हे. अरबीत हाल म्हणजे स्थिती, चालू वेळ. आपला 'हल्ली' त्यातूनच आला. मूळ राहणार रिठीचे, हल्ली मुक्काम तुमच्या गावी, एवढाच लिहिणाऱ्याचा अर्थ. पुढं मराठीत वाईट स्थितीलाच हाल म्हणू लागले, म्हणून तुम्हाला तसं वाटलं.

ही दोन अक्षरं तुमच्यासाठी सगळ्यात मोलाची आहेत. 1918 मध्येही तुमचे पणजोबा मूळ गाव रिठीचंच सांगत होते, हे त्यावरूनच ठरतं. साक्षांकित नक्कल काढताना 'हाल मु.' गाळून कोणी नुसतं आजचं गाव लिहीत नाही ना, हे तिथंच उभं राहून वाचून घ्या.