सिकलसेलचं औषध शोधायला उंदीरच का?

गडचिरोलीकर: माझ्या भाच्याला सिकलसेल आहे, म्हणजे लाल पेशी वाकड्या होणारा रक्ताचा आनुवंशिक आजार, तोही एसएस, आईबाप दोघांकडून सिकलचा जीन आलेला. थंडी पडली की हातपाय धरून रात्रभर कण्हतो पोरगा, बघवत नाही. सारखं वाचतो की अमुक औषध उंदरांवर चाललं, पण उंदराला हा आजार होतो का मुळात?

लॅबवाली: नाही होत दादा. उंदराचं हिमोग्लोबिन वेगळं, म्हणून त्याचे स्वतःचे अल्फा बीटा ग्लोबिनचे, म्हणजे हिमोग्लोबिन ज्या प्रथिनांचं बनतं त्यांचे, जीन बंद करून माणसाचे घातले, त्यात बीटाचा सिकलवाला. १९९७ ला अमेरिकेत असे उंदीर पहिल्यांदा तयार झाले, आता त्यातलाच टाउन्स नावाच्या शास्त्रज्ञाच्या लॅबमधला प्रकार, टाउन्स उंदीर, खूप वापरतात. ऑक्सिजन कमी केला की लाल पेशी खरंच विळ्यासारख्या वाकतात, मायक्रोस्कोपखाली मी स्वतः बघितल्यात. २००१ ला अशाच उंदरांवर ज्या बदललेल्या बीटा जीनची थेरपी चालली तोच जीन आज लायफजेनिया या सिकलसेलच्या जीन थेरपीत आहे, तिला अमेरिकेत डिसेंबर २०२३ ला मंजुरी मिळाली.

विदर्भ_डॉक: पण फरक आहेतच. या उंदरांची पाणथरी म्हणजे प्लीहा फुगून मोठी होते, आपल्या पेशंटची उलट लहानपणीच आकसून निकामी होते. आणि दुखतंय हे उंदीर सांगणार कसं, मग पंजाची पकड किती घट्ट ते मोजतात, त्यावरून अंदाज. त्यामुळे उंदरावर चाललं म्हणजे माणसावर चालेलच असं धरू नका. भाच्याचं हायड्रॉक्सीयुरिया, सिकलसेलचं नेहमीचं औषध, चालू आहे ना?

गडचिरोलीकर: हो सर, चालू आहे, मधे गोळ्या संपल्या की खाडा होतो तेवढा.

विदर्भ_डॉक: तो खाडा पहिला थांबवा, संपायच्या आठवडाभर आधीच आणून ठेवा.