मदत हवी आहे : 'ऑन लँड'च्या जवळ जाणारा ब्रायन ईनो यांचा सहयोगी अल्बम कोणता?

ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांच्या 'डिस्क्रीट म्युझिक' (१९७५), 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' (१९७८) आणि 'ऑन लँड' (१९८२) या एकल अल्बमांपैकी मला शेवटचा सर्वाधिक भावला, कारण त्यात सुरावट जवळजवळ विरघळून जाते आणि बेडूक, कीटक यांचे आवाज वाद्यांच्या तोडीने एखाद्या जागेची जाणीव उभी करतात.

त्यातील 'शॅडो'मध्ये जॉन हॅसल यांचा ट्रम्पेट असल्याने मी आधी दोघांचा 'पॉसिबल म्युझिक्स' (१९८०) ऐकला. तो विलक्षण आहे, पण त्यातील तालवाद्ये लक्ष वेधून घेतात. हॅरल्ड बड यांच्यासोबतच्या 'द प्लॅटो ऑफ मिरर'मध्ये (१९८०) पियानो फारच पुढे येतो. (सुंदर आहे, याबद्दल वाद नाही.) गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांच्यासोबतचे अल्बमही ऐकून झाले आहेत.

गायन असलेले अल्बम आणि संकलने नकोत. हेडफोनवर सलग ऐकण्याची तयारी आहे, त्यामुळे लांबीची अडचण नाही. क्लस्टर या जर्मन जोडीसोबतचा 'क्लस्टर अँड ईनो' (१९७७) आणि बड यांच्यासोबतचा 'द पर्ल' (१९८४) यांपैकी 'ऑन लँड'च्या धूसर पोताशी अधिक जवळचा कोणता, आणि त्यातील कोणत्या रचनेत ते साम्य सर्वांत स्पष्ट जाणवते?