मदत हवी आहे: ट्यूबवर्मना ऑक्सिजन कुठून मिळतो?

नमस्कार. मी आठवीला विज्ञान शिकवते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं भित्तिपत्रक लावायचंय आणि एका वाक्यावर अडलेय.

विषय मुलींनीच निवडला, खोल समुद्रातले जीव. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ ‘अल्विन’ पाणबुडी सुमारे अडीच किलोमीटर खाली गेली आणि गरम पाण्याच्या भेगांपाशी ट्यूबवर्म सापडले, तिथून सुरुवात केली. पांढऱ्या नळीत राहणारे, लाल तुऱ्याचे हे किडे दोन मीटरपर्यंत वाढतात. मोठेपणी यांना तोंड नसतं, आतडंही नसतं! शरीरात एक अवयव जिवाणूंनी गच्च भरलेला असतो. भेगांतून येणारा हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यांच्या वासाचा, आपल्याला विषारी असलेला वायू, तुरा पाण्यातून शोषतो. यांचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन एका जागी आणि सल्फाइड दुसऱ्या जागी धरून दोन्ही जिवाणूंपर्यंत पोचवतं. त्यांच्या अभिक्रियेतून मिळणाऱ्या ऊर्जेवर जिवाणू कार्बन डायऑक्साइडपासून अन्न तयार करतात आणि त्यावर किडा पोसला जातो.

इथवर मुलींना छान समजलं. तुरे रंगवताना लाल खडू पार झिजवून टाकला. मग एकीने स्केचपेनने लिहिलं, ‘यांना सूर्याची गरजच नाही’. लिहून झाल्यावर तीच थांबली. म्हणाली, “बाई, पण मग तिथे ऑक्सिजन कुठून येतो? खाली तर झाडं नाहीत.”

मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं मी हेच वाक्य शिकवत आलेय, म्हणून जास्त लागलं. जाणकारांनी कृपया सांगावं. चुकीचं काही भिंतीवर जायला नको.

प्रतिसाद:

ताई, तुमच्या विद्यार्थिनीने नेमकं बोट ठेवलंय. तो ऑक्सिजन वरूनच येतो. ध्रुवांकडचं थंड, जड पाणी विरघळलेला ऑक्सिजन घेऊन बुडतं आणि शेकडो वर्षं तळातळाने पसरत राहतं. ऑक्सिजन मुळात तयार केला तो झाडांनी आणि समुद्राच्या पृष्ठभागाजवळच्या वनस्पतिप्लवकांनी, सूर्यप्रकाशात. म्हणून ट्यूबवर्मखाली लिहा, ‘यांचं अन्न अंधारात तयार होतं, पण त्यासाठी लागणारा ऑक्सिजन सूर्यप्रकाशातच तयार झालेला असतो’.

जुनं वाक्य फेकू नका. अशाच भेगांपाशी मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव असतात, आर्किया. भेगांतून येणारा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांवर त्यांचं भागतं, ऑक्सिजन लागत नाही. ते वाक्य त्यांच्या नावापुढे अगदी बरोबर बसेल.