शब्दचर्चा: ‘हेरेडिटरी पीअर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

स्कॉटलंडच्या फ्लोरा फ्रेझर, म्हणजे २१व्या लेडी सॉल्टन (१९३०–२०२४), यांच्यावर मराठीत एक टिपण लिहिते आहे. ब्रिटनमध्ये घराण्याचा किताब वारसानं मिळतो त्या व्यक्तीला ‘हेरेडिटरी पीअर’ म्हणतात; लेडी सॉल्टन त्यांतल्याच. पहिल्याच वाक्यात अडले. ‘वंशपरंपरागत उमराव’ असं लिहिलं, पण ‘त्या उमराव होत्या’ लिहिताना हात थांबला. उमरावचं स्त्रीलिंग काय करायचं? शिवाय ‘लेडी’ म्हटलं की आपल्याला आधी कुणा लॉर्डची किंवा सरची बायको आठवते, माहीमच्या कॉजवेवाल्या लेडी जमशेटजींसारखी. इथे किताब बाईंचा स्वतःचा आहे. त्यांचे यजमान शेवटपर्यंत कॅप्टन रॅमझीच राहिले, लॉर्ड झाले नाहीत.

प्रतिसाद १

ताई, ‘सरदार’ घ्या, नाहीतर सरळ ‘वतनदार’. देशमुखी, पाटीलकी बापाकडून मुलाकडेच जायची ना? वाचकाला लगेच कळेल.

प्रतिसाद २

दादा, लगेच कळेल, पण चुकीचं कळेल. वतनाला तीन गोष्टी चिकटलेल्या असतात: काम, त्या कामाची जमीन किंवा हक्क, आणि भाऊबंदांच्या तक्षिमा, म्हणजे वाटण्या. सॉल्टनच्या किताबात यातली एकही नाही.

जमिनीचंच बघा. फ्रेझरबरा गावाजवळचा केर्नबल्ग किल्ला फ्रेझरांना १६१३ मध्ये विकावा लागला. सॉल्टनचा किताब मूळचा १४४५चा, पण अ‍ॅबरनेथी घराण्याचा. तो फ्रेझरांकडे आला सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तोही आईच्या बाजूनं. म्हणजे किताब घरात आला तेव्हा किल्ला परक्यांकडे होता. फ्लोराबाईंच्या वडिलांनी, २०व्या लॉर्ड सॉल्टननी, तो १९३४ मध्ये पैसे मोजून परत घेतला. किताब आणि किल्ला यांचे रस्ते असे वेगवेगळे. वतनात हे बसत नाही.

आता तक्षीम. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की वतनाचे तुकडे पडत. देवासला तर राज्याच्याच थोरली पाती आणि धाकटी पाती झाल्या. फ्लोराबाईंना तीन मुली. किताब अख्खाच्या अख्खा थोरल्या कॅथरीनकडे गेला, धाकट्या दोघींना त्यात वाटा नाही. इंग्लंडातल्या जुन्या बॅरनकीत, म्हणजे ‘बॅरन’ या किताबात, मात्र मुलगा नसला आणि मुली एकीहून जास्त असल्या तर सगळ्यांचा हक्क सारखा धरतात, आणि एकीच्या बाजूनं निकाल लागेपर्यंत किताब तहकूब राहतो. स्कॉटलंडात ही भानगडच नाही. म्हणून ‘ब्रिटिश’ न लिहिता ‘स्कॉटिश’ लिहा, तेवढा आग्रह धराच.

‘उमराव’ही मला पटत नाही. अमीरचं अनेकवचन उमरा, त्यावरून आपला उमराव. तो बादशहाच्या मर्जीवर उभा. मुघल मनसब मुलाला आपोआप मिळत नसे. त्याला ‘वंशपरंपरागत’ जोडणं म्हणजे शब्दाच्या मुळावरच घाव.

माझ्या मते शब्द आहे मानकरी. आमच्या गावी होळीत पहिली पोळी पाटलांच्या घरची पडते. पाटीलकीचं वतन कायद्यानं गेलं, सारावसुली गेली, वाड्याची मागची भिंतही पडली, पण पोळीचा मान आहे तिथे आहे. पाटीलबुवा गेले त्या वर्षी त्यांची एकुलती एक लेक पुण्याहून आली. हातात ताट, पदर कंबरेला खोचलेला. पारावरची दोन म्हातारी माणसं कुजबुजली. माझी आजी मोठ्यांदा म्हणाली, “तीच मानकरीण, तिला वाट द्या.” कुणी हूं की चूं केलं नाही. तेव्हापासून मला या शब्दाचं स्त्रीलिंग शोधावं लागलेलं नाही.

फ्लोराबाईंचंही असंच. थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये मारला गेला. वडील १९७९ मध्ये गेले आणि मान लेकीकडे आला.

प्रतिसाद १

पटलं. पण आज ‘पुरस्काराचे मानकरी’ असं रोज छापून येतं. वाचकाला वाटेल बाईंना कसलं बक्षीस मिळालं. आणि पार्लमेंटाच्या वरच्या सभागृहातल्या, हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या जागेचं काय? तो नुसता मान नव्हे, कायदा करायचा अधिकार होता.

प्रतिसाद २

पहिला मुद्दा रास्त आहे. म्हणून ‘वंशपरंपरेच्या मानकरी’ असं पूर्ण लिहावं, निदान पहिल्या वेळी. दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर इतिहासानंच दिलं आहे. १७०७ ते १९६३ स्कॉटिश मानकऱ्यांना सरसकट जागा नव्हत्याच, आपसांतून १६ जण निवडून पाठवत. आणि ज्या बायकांकडे वंशपरंपरेनं किताब होता, त्यांना १९६३ पर्यंत दारच बंद. किताब घरात, जागा नाही! पुढे १९९९च्या कायद्यानं बहुतेकांच्या जागा काढल्या, ९० जण निवडून राहिले, त्यांत लेडी सॉल्टन होत्या. त्या २०१४ मध्ये निवृत्त झाल्या. जागा गेली, किताब तसाच राहिला. मान आणि अधिकार वेगळे, हे यातच आलं.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. आता शेवटचं एक. भावाला ‘मास्टर ऑफ सॉल्टन’ म्हणत. ‘मास्टर’ ठेवलं तर शाळामास्तर वाटतील, ‘युवराज’ फार मोठं होतं.

प्रतिसाद २

‘पाटवी’ वापरा ताई. गादीच्या थोरल्या वारसाला जुना, नेटका शब्द आहे. ‘सॉल्टनचे पाटवी’.

प्रश्नकर्ती

मग वाक्य असं केलं: “सॉल्टनचे पाटवी १९४४ मध्ये युद्धात कामी आले, १९७९ मध्ये वडिलांच्या मागे धाकटी बहीण फ्लोरा त्या घराण्याच्या वंशपरंपरेच्या मानकरीण झाल्या.” ‘लेडी’ पुढच्या वाक्यात आणते, तिथे आता घोटाळा होणार नाही.