पर्ल नदीचा हरवलेला मासा आणि बरण्यांतले 70 लाख मासे: हा संग्रह जपायचा की आवरता घ्यायचा?

दूरदेशी (धागाकर्ता)

अमेरिकेत लुईझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्सच्या दक्षिणेला बेल शास गावाजवळ लष्कराची दारूगोळ्याची जुनी कोठारं आहेत. आज त्यांत टुलेन विद्यापीठाचा मत्स्यसंग्रह आहे: 70 लाखांहून जास्त मासे, सुमारे 2 लाख नोंदी (एका जागी, एका वेळी पकडलेले एकाच जातीचे मासे म्हणजे एक नोंद). बहुतेक अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या नद्यांतले, किनारी ओढ्यांतले आणि बायूंतले. (बायू म्हणजे संथ, जेमतेम वाहणारा प्रवाह. शब्द मूळचा चॉक्टॉ लोकांचा.) 1950 साली टुलेनमध्ये आलेल्या रॉयल सटकस यांनी आयुष्यभर जाळी ओढून हा संग्रह उभा केला. 2005 च्या कॅटरिना वादळातूनही तो वाचला.

परवा इथल्या आमच्या मराठी मंडळींच्या जेवणात एक जण म्हणाले, "फोटो काढून ठेवा आणि बरण्या रिकाम्या करा, जागा तरी होईल." तेव्हापासून मन अस्वस्थ आहे, कारण मला पर्ल डार्टर आठवतो.

हा बोटाएवढा मासा. त्याच्या नावात पर्ल नदी आहे, पण त्या नदीत तो शेवटचा सापडला 1973 साली. सटकस आणि थॉम्पसन यांनी त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव दिलं ते 1994 मध्ये. म्हणजे त्याचं बारसं झालं तेव्हा त्याला त्या नदीतून जाऊन वीस वर्षं उलटली होती. शेजारच्या पास्कागुला खोऱ्यात तो तेवढा उरला होता. 2023 मध्ये पर्लच्या खोऱ्यातल्या स्ट्राँग नदीत तो पुन्हा सोडला. "हा इथलाच" असं कशाच्या जोरावर म्हणता आलं? जुन्या बरण्यांतल्या, पकडल्याची जागा आणि तारीख लिहिलेल्या चिठ्ठ्यांच्या.

माझं म्हणणं सरळ आहे: बरणी फुटली की नदीची साक्ष गेली. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबनीस

डार्टरची गोष्ट भिडली, पण एका गोष्टीवर 70 लाख माशांचा खर्च ठरवू नका. अल्कोहोल उडतं, झाकणं सुकतात, आग लागू नये म्हणून वेगळी व्यवस्था करावी लागते. हे काम कधीच संपत नाही. तुमच्याच आकड्यांनी पाहिलं तर एका नोंदीत सरासरी 35 मासे पडतात. प्रत्येकीतले पाच ठेवा, बाकीचे काढा. चिठ्ठी तर तीच राहील ना?

आणि लुईझियानाचंच दुसरं उदाहरण आहे. मन्‍रोच्या विद्यापीठाने 2017 मध्ये धावण्याच्या शर्यतींच्या मैदानाच्या विस्तारासाठी आपला संग्रह जुलैअखेर हलवायला सांगितलं. सुमारे 60 लाख मासे आणि 5 लाख वनस्पती होत्या. वनस्पती टेक्ससमध्ये फोर्ट वर्थला गेल्या. सगळं सगळ्यांनी जपायचं हा हट्ट धरला की अशीच पाळी येते.

दूरदेशी

हिशेबनीस, त्या बातमीने मला तर उलटं वाटलं. पन्नास वर्षांच्या कामाला काही महिन्यांची मुदत!

पाचच ठेवण्याबद्दल. सिएटलजवळच्या प्यूजेट साउंडमधले 1880 ते 2019 या काळातले 699 मासे परजीवींच्या अभ्यासक चेल्सी वुड आणि सहकाऱ्यांनी चिरून पाहिले. त्यांना 17,259 परजीवी मिळाले, आणि पाणी जसं तापत गेलं तसे त्यांतले अनेक प्रकारचे परजीवी घटत गेल्याचं दिसलं. 2023 मध्ये ते छापून आलं. मासा चिरायचा तर हातात जास्तीचे मासे लागतात. पाचांतला एक चिरायला कुठला संग्रहपाल देईल? शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या जुन्या माशांच्या पोटात प्लास्टिकचे कण शोधले, तर ते 1950 नंतर वाढत गेलेले दिसले. बरणी भरणाऱ्याला हा प्रश्नही ठाऊक नव्हता. उद्याचा प्रश्न आपल्याला ठाऊक आहे का?

पूलाखालचा

मी नमुने गोळा करण्याचं काम केलं आहे, म्हणून एक अडचण सांगतो. गाडी जिथे थांबते तिथे जाळं पडतं. रस्ता ओढ्याला जिथे ओलांडतो त्या पुलाखालचे मासे बरणीत येतात, आडरानातल्या दलदलीतले येत नाहीत. मग नकाशावर मासा कमी आणि रस्ता जास्त दिसतो. जुन्या चिठ्ठीवर "गावापासून तीन मैल उत्तरेला" एवढंच असतं, अक्षांश-रेखांश कोणीतरी नंतर बसवतो. अल्कोहोलच्या आधी फॉर्मालिन या टिकवणाऱ्या रसायनात मुरलेल्या माशाचा डीएनए मिळवणंही अवघड. याला "नदीची साक्ष" म्हणणं मला जड जातं.

दूरदेशी

पुलाचा मुद्दा मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. चिठ्ठीचं मात्र सांगतो. असल्या मजकुरावरून जागा शोधायचं 'जिओलोकेट' हे साधन टुलेनमध्येच तयार झालं. ते बिंदूसोबत चूक किती असू शकेल तेही दाखवतं. शिवाय मासा ओळखण्यात चूक झाली असेल तर बरणी उघडून पुन्हा पाहता येतं. वहीत नुसतं नाव असेल तर काय उघडणार?

मुका_जीव

तुम्ही सगळे खर्चाचं बोलता, मी माशांचं बोलते. 70 लाख जीव. 2014 मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत काही अभ्यासकांनी लिहिलं होतं की उरलेसुरले दुर्मिळ प्राणी मारून नमुने करू नका, फोटो, आवाज आणि ऊतीचा छोटा तुकडा यांवर भागवा. शंभराहून जास्त शास्त्रज्ञांनी त्याला विरोध केला. मी पहिल्या बाजूची आहे. आहेत ते जपा, त्यांची विटंबना नको. पण नव्या बरण्या थांबवा.

पूलाखालचा

ताई, दुर्मिळ जातीपुरतं तुमचं बरोबर. पण 1973 पर्यंतचे पर्लमधले मासे नुसत्या फोटोंत राहिले असते, तर इतके सारखे दिसणारे डार्टर वेगळे कोणी केले असते? ते काटे आणि खवले मोजून ओळखतात.

निवटी

मी ठाण्याच्या खाडीकाठची, कोळ्याघरची. दूरदेशींचा धागा वाचून आजी आठवली. निवटी, बोय, शिंगाळा, जिताडा, कुठल्या भरतीला कुठे काय लागायचं हे तिला तोंडपाठ होतं. त्यातलं बरंच आता जाळ्यात येत नाही. अमेरिकेतल्या ओढ्याला बरणी आहे, माझ्या आजीच्या खाडीला काय आहे? तिचं ज्ञान कोणी लिहूनच घेतलं नाही. मला बरणी हवी, आणि चिठ्ठीवर कोळणीने दिलेलं नावही हवं.

दूरदेशी

निवटीताई, हे मी मांडायला हवं होतं, राहून गेलं. चिठ्ठीवर जागा, तारीख, जाळं आणि गोळा करणाऱ्याचं नाव असतं, स्थानिक नाव फार क्वचित. तुमच्या घरात आजीच्या वेळचं अजून कोण आहे?

निवटी

मावशी आहे, ऐंशीची. रविवारी जाते. शिंगाळ्याची तीन नावं ती वेगवेगळी सांगते, आधी ते तीन मासे वेगळे की एकच, ते विचारते.