मदत हवी आहे: फास्ट इग्निशनमध्ये इलेक्ट्रॉनचं तापमान कोणत्या सूत्रानं धरायचं?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठातल्या एमएस्सी प्रकल्पासाठी फास्ट इग्निशनचं (आधी दाबून ठेवलेलं अणुसंलयनाचं इंधन लेसरनं सोडलेल्या वेगवान इलेक्ट्रॉनांनी पेटवणं) गणित चाललंय. इंधनाची घनता 300 ग्रॅम प्रति घनसेंमी, लेसर 1.05 मायक्रॉन, तीव्रता 10²⁰ वॅट प्रति चौसेंमी. पाँडरोमोटिव्ह सूत्रानं (लेसरच्या प्रकाशाच्या रेट्यावर आधारलेलं) इलेक्ट्रॉनचं तापमान सुमारे 4 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) येतं, बेगच्या सूत्रानं (प्रयोगांच्या आकड्यांवरून काढलेलं) जेमतेम 1. घोळ इथंच आहे. 1 एमईव्हीचा इलेक्ट्रॉन साधारण 0.6 ग्रॅम प्रति चौसेंमीत, म्हणजे 20 मायक्रॉनमध्ये थांबतो. 4 चा बराच पुढं निघून जातो आणि ठिणगीच्या जागी ऊर्जा पुरेशी साठतच नाही. लेसर 0.53 मायक्रॉनचा घेतला तर पहिलं सूत्रही 1.9 वर उतरतं, मला तोच मार्ग बरा वाटतो.

लेसर इंधनापर्यंत नेणाऱ्या धातूच्या सुळक्यात आधीच प्लाझ्मा साचला असेल तर यातलं कोणतं सूत्र धरावं? आणि माँटे कार्लोत (यादृच्छिक आकडे घेऊन संगणकावर करायचं गणित) इलेक्ट्रॉन झोताचा अर्धकोन किती द्यावा? जाणकारांनी कृपया सांगा.