सल्ला हवा: पचनसंस्थेच्या आणि संसर्गजन्य आजारांसाठी कोणती सीएमई (डॉक्टरांचे निरंतर वैद्यकीय शिक्षण) निवडावी?

जठराग्नी:
मी फिजिशियन आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण जुनाट आम्लपित्त, अतिसार, कावीळ किंवा लांबलेला ताप घेऊन येतात. नोंदणीपुरते क्रेडिट गुण माझ्याजवळ आहेत, त्यामुळे प्रश्न गुणांचा नाही. गेल्या महिन्यात हेलिकोबॅक्टर पायलोरीच्या (जठरातील जिवाणूच्या) एका रुग्णाला मी क्लॅरिथ्रोमायसिनचा तिहेरी उपचार दिला. तोच उपचार त्याने पूर्वी एकदा घेतला होता, हे मला नंतर जुन्या कागदांत दिसले. जिवाणू औषधाला दाद देतो का, म्हणजे त्याची संवेदनशीलता, हे तपासल्याशिवाय हा उपचार टाळावा आणि बिस्मथसह चौपदरी उपचार चौदा दिवस द्यावा, असे अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिले आहे. मला आठवड्याला दोनच तास देता येतील आणि प्रवास शक्य नाही. आपण काय सुचवाल?

प्रदीर्घ_अनुभव:
डॉक्टर, तीन दिवस काढा आणि वार्षिक परिषदेला प्रत्यक्ष जा. मी सलग एकोणीस वर्षे जात आहे आणि एकही वर्ष चुकवलेले नाही. व्याख्यानापेक्षा चहाच्या वेळी झालेले बोलणे अधिक लक्षात राहते, असा माझा अनुभव आहे. अमीबामुळे यकृतात गळू झालेला माझा एक रुग्ण चार महिन्यांनी तेच दुखणे घेऊन परत आला होता. मेट्रोनिडाझोलने ऊतींमधील अमीबा मरतात, पण आतड्याच्या पोकळीतले उरतात आणि त्यांच्यासाठी नंतर पॅरोमोमायसिनसारखे औषध द्यावे लागते, हे मला एका ज्येष्ठांनी परिषदेच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या समजावले. त्यानंतर ते मी कधीही विसरलो नाही.

रात्रपाळी:
प्रश्नकर्त्यांनी प्रवास शक्य नसल्याचे लिहिले आहे, याकडे वरील प्रतिसादात लक्ष दिलेले दिसत नाही. शिवाय परिषदांमध्ये औषध कंपन्यांच्या पैशावर होणारी सत्रे इतकी वाढली आहेत की कोणते मत वक्त्याचे आणि कोणते प्रायोजकाचे, हे ऐकणाऱ्याला कळेनासे होते.

मी वर्षभराचा ध्वनिचित्रित अभ्यासक्रम घेतला होता. चाळीसपैकी नऊ व्याख्याने पाहिली, तीही कामाच्या मध्ये, वेग वाढवून. पुढे वॉर्डात सी. डिफिसिलचा (अतिसार घडवणाऱ्या जिवाणूचा) रुग्ण दाखल झाला, तेव्हा व्हॅन्कोमायसिनपेक्षा फिडॅक्सोमायसिनला पसंती द्यावी, हे २०२१ पासूनचे मत मला आठवले. मात्र अल्कोहोलच्या द्रावणाने त्या जिवाणूचे बीजाणू मरत नाहीत आणि हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात, हे त्याच व्याख्यानातले वाक्य आठवले नाही. ते आमच्या परिचारिकेने मला खाटेशेजारी सांगितले. तेव्हापासून मी फक्त प्रश्नसंच वापरते. पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून उत्तर दिलेले अधिक काळ टिकते, हे रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखवले आहे. रोज दहा प्रश्न सोडवा, त्याला पंधरा मिनिटे लागतात.

यकृतपथ:
प्रश्नसंचातला रुग्ण एका परिच्छेदात मावतो, आपला रुग्ण मावत नाही. माझा आग्रह दूरस्थ रुग्णचर्चेचा आहे. न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘इको’ हा उपक्रम हिपॅटायटिस सीसाठीच सुरू केला. त्यात दूरच्या केंद्रांतील डॉक्टर दृक्‌श्राव्य माध्यमातून आपले रुग्ण तज्ज्ञांपुढे मांडत आणि उपचार स्वतःच करत. २०११ मध्ये ४०७ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणू नाहीसा होण्याचे प्रमाण विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के होते, तर सोळा सामुदायिक केंद्रे आणि पाच तुरुंग मिळून ५८.२ टक्के. मी अशा एका गटात तीन वर्षे आहे आणि आठवड्यातला तो दीड तास मी इतर कशालाही देत नाही.

प्रदीर्घ_अनुभव:
ते आकडे इंटरफेरॉनच्या, म्हणजे जुन्या इंजेक्शनच्या उपचारांच्या, काळातले आहेत. आज आठ ते बारा आठवडे गोळ्या दिल्या की ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, त्यामुळे हिपॅटायटिस सीसाठी दर आठवड्याला चर्चा करण्याचे कारण उरलेले नाही.

यकृतपथ:
गोळ्या सोप्या झाल्या, रुग्ण सोपा झालेला नाही. याच गोळ्या सुरू केल्यावर सुप्त हिपॅटायटिस बी उसळू शकतो, म्हणून त्याची तपासणी आधी करावी, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये दिला. आमच्या गटात एका सदस्याने उपचारांच्या चौथ्या आठवड्यात रुग्ण मांडला, तेव्हा ही तपासणी राहून गेल्याचे सर्वांसमोर लक्षात आले. व्हरांड्यात तो विषय निघाला असताच, असे नाही.

सूक्ष्मदर्शक:
मी प्रयोगशाळेत काम करते. लांबलेल्या तापाच्या रुग्णाचे रक्तसंवर्धन (रक्तातील जिवाणू वाढवून पाहण्याची तपासणी) आमच्याकडे बहुधा प्रतिजैविकाचे दोन डोस झाल्यावर येते आणि मग ‘वाढ नाही’ या अहवालाबद्दल आम्हालाच जाब विचारला जातो. म्हणून प्रतिजैविकांच्या विवेकी वापरावरचा अभ्यासक्रम घ्यावा, असे मी सुचवते. जागतिक आरोग्य संघटनेचे २०१७ पासूनचे प्रतिजैविकांचे ‘अवेअर’ वर्गीकरण ज्यात नीट शिकवतात, तोच निवडा.

कशाहीकडून चमत्काराची अपेक्षा मात्र ठेवू नका. स्वतःच्या कामाच्या नोंदी तपासून डॉक्टरांना दाखवण्याच्या पद्धतीवर कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये १४० अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात सुधारणेचा मध्यक ४.३ टक्के निघाला. सुरुवातीची कामगिरी कमकुवत असेल आणि नोंदी वारंवार दाखवल्या तर परिणाम अधिक दिसतो, हे खरे. तरीही एकट्याने ते करू नये, कारण माणूस स्वतःला उदारपणे गुण देतो.

नवशिका_निवासी:
वर सांगितल्याप्रमाणे परिषदेलाच जावे, असे मलाही वाटते. मी एकदा गेलो आहे आणि फार छान वाटले.

जठराग्नी:
सर्वांचे मनापासून आभार. मी तूर्त यांपैकी काहीही घेत नाही, आणि त्याचे कारण सांगणे हे माझे कर्तव्य आहे.

सूक्ष्मदर्शक यांनी ज्यापासून सावध केले, तेच मी रविवारी करून पाहिले. जानेवारीपासून पायलोरीचा उपचार दिलेल्या रुग्णांची नावे वहीतून काढली, ती एकतीस भरली. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी, आणि आम्ल कमी करणाऱ्या पीपीआय गटातील गोळ्या दोन आठवडे बंद ठेवून, श्वासचाचणी किंवा विष्ठेतील प्रतिजनाची तपासणी व्हायला हवी. ती झाल्याची नोंद फक्त सहा जणांची सापडली. उरलेल्यांच्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात ‘बरे वाटते’ एवढेच लिहिलेले आहे. हा नियम मला माहीत नव्हता असे नाही, परीक्षेत मी तो बरोबर लिहिला असता. त्यामुळे व्याख्यानाने किंवा प्रश्नसंचाने तो केसपेपरवर उतरेल, असे मला वाटत नाही.

गुण स्वतःच देण्याचा धोका मला पटतो. म्हणून शेजारच्या एका डॉक्टरांशी ठरवले आहे की महिन्यातून एकदा आम्ही वह्यांची अदलाबदल करू. पायलोरीच्या रुग्णांच्या वह्या मी त्यांच्याकडे देईन आणि तापाच्या रुग्णांच्या त्यांच्या वह्या मी तपासेन, ज्यात रक्तसंवर्धन पहिल्या डोसाआधी घेतले का, हे प्रथम पाहीन. उपचार लिहितानाच तपासणीची तारीख केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने टाकायला मी सुरुवात केली आहे. यादीतल्या पहिल्या रुग्णाशी काल बोलणे झाले. गोळी बंद केल्याने जळजळ वाढेल, अशी भीती त्यांना होती, म्हणून दोन आठवड्यांपुरते अँटासिड चालेल असे सांगून त्यानंतरची तारीख दिली आहे.